पिवळ्या टोपणाची नळी

सकाळी पावणेसहाला माझी बोटं माझी नसतात. कुणाची तरी आणून मनगटाला जोडल्यासारखी दिसतात. फुगलेली, चकचकीत, आणि सव्वासातच्या आत मूठ काही वळत नाही. अडचण एवढीच, की माझं काम सहाला सुरू होतं आणि साडेआठला जवळजवळ संपतं. माझ्या बोटांसाठी लोक उपाशी थांबत नाहीत, त्यांना चहा हवा असतो.

मी डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला, त्र्यंबक सरांच्या लॅबमध्ये कलेक्शनला आहे. म्हणजे घरोघरी जाऊन रक्त काढते. एकोणीस वर्षांपूर्वी फोन उचलायला लागलेले. बारावी नापास. सुई सरांनी शिकवली. बाकीचं मी किटच्या डब्यांतले कागद वाचून शिकले, आणि कल्याणच्या एका रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने उचललेल्या पॅथॉलॉजीच्या जाडजूड पुस्तकातून. ते पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलंय. काही पानं दोनदा, काही अजून कळायची आहेत.

शीर डोळ्यांना दिसते असं लोकांना वाटतं. दिसणारी शीर कुणीही टोचेल. जाड दंडाची, म्हाताऱ्या माणसाची, केमो झालेल्याची शीर दिसत नाही, ती डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला कळते. हलकं दाबलं की खालून काहीतरी परत ढकलतं. तेवढंच. माझ्या बोटाला ते कळायचं म्हणून लोक लॅबला फोन करून सांगायचे, चित्राताईंनाच पाठवा. ह्या एका वाक्यावर मी एकोणीस वर्षं ताठ मानेने फिरलेय.

आणि ह्या मार्चपासून बोट बहिरं व्हायला लागलेलं. नांदिवलीच्या एका बाईंना तीनदा टोचलं आणि वर त्यांनाच ऐकवलं, तुम्ही पाणी कमी पिता. खोटं. पाणी त्या भरपूर प्यायलेल्या. खाली येऊन स्कूटरची किल्ली फिरवायला गेले तर तीही फिरेना. मग दोन्ही हातांनी फिरवली.

काय झालंय हे मला कळत होतं. दोन्ही हात सारखे, सकाळी जास्त, दीड दीड तास, सहा आठवड्यांच्या वर. पुस्तकात हे सगळं आहे. रोज पहाटे दुखण्याची गोळी घ्यायची, गरम पाण्यात हात बुडवून बसायचं आणि घड्याळाकडे बघायचं. पण खात्री करायची तर रक्त तपासायला हवं, आणि आमच्या लॅबचा प्रत्येक रिपोर्ट सरांच्या डोळ्यांखालून जातो. गेल्या वर्षी आमच्या कलेक्शनच्याच आनंदचे हात थरथरायला लागले तेव्हा सरांनी त्याला खुर्चीत बसवलं, चहा पाजला आणि फार गोड बोलून घरी पाठवलं. तो परत आला नाही. सरांचं गोड बोलणं मला नको होतं.

दुसऱ्या लॅबमध्ये का नाही गेलीस, असं सुमितने नंतर विचारलं. सुमित माझा मुलगा. त्याला काय सांगणार? ह्या भागातले सगळे लॅबवाले एकाच चहाच्या टपरीवर भेटतात.

त्यात आत्याबाईंची तीन महिन्यांची साखर तपासायची वेळ झालेली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, भीमाबाई, वय चौऱ्याहत्तर, कल्याणच्या एका मॅटर्निटी होममध्ये तीस वर्षं आया होत्या, म्हणून जगातल्या सगळ्या डॉक्टरांना त्या अजून नवीन मुलं समजतात. मी त्यांच्या दंडातून जांभळ्या टोपणाची नळी भरली, ती साखरेची. मग स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, पट्टा दातांत धरून स्वतःच्या डाव्या हाताला बांधला आणि पिवळ्या टोपणाची नळी माझ्या रक्ताने भरली. ती सुजेच्या तपासण्यांची. स्टिकर दोन्हीवर एकच लावलं, भीमाबाई. लॅबमध्ये नमुना सांडला तर माफी असते, नाव चुकलं तर नसते. हे मीच नव्या मुलींना शिकवते. तरी लावलं. म्हटलं, कॉम्प्युटरवर आकडे बघायचे आणि गप्प बसायचं.

एका गोष्टीचा मात्र विसर पडला. दिवाळीत सुमितने आजीची साखर आपल्याला कळावी म्हणून आमच्या रेकॉर्डमध्ये स्वतःचा मोबाइल नंबर घालून घेतलेला. रिपोर्ट तयार झाला की तो आपोआप त्या नंबरवर जातो. मीच ती सोय गिऱ्हाइकांना कौतुकाने समजावून सांगते.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुमितचा ठाण्याच्या ऑफिसमधून फोन. आवाज पार उतरलेला. आजीचं सुजेचं सीआरपी अडतीस आहे, दहाच्या आत हवं, अँटी-सीसीपी दोनशेच्या वर आहे, मी सगळं वाचलंय मम्मी, हा साधा संधिवात नाही, हाडं खातो हा, हार्टपर्यंत जातो. मी म्हटलं, अरे लॅबची चूक असेल, परत करू. तो म्हणाला, तूच म्हणतेस ना, सरांच्या लॅबमध्ये चूक होत नाही? थांब, मी त्यांनाच फोन करतो. मी एवढ्या जोरात नको म्हटलं, की काउंटरवरची प्रीती मान वर करून बघायला लागली.

पुढचे चार दिवस माझ्या घरी जे चाललं ते वैऱ्याच्या घरीही कुणी पाहू नये. सुमितने आजीला पलंगावरून उठू दिलं नाही. गरम पाण्याची पिशवी आणली, डाळिंबं आणली, कमोडच्या बाजूला धरायला दांडा बसवला. शेजारच्या बायका बघायला आल्या. आत्याबाईंनी प्रत्येकीपुढे हात पसरून उसासा टाकला. आदल्याच आठवड्यात ह्या बाईने पाच किलो गव्हाचा डबा माळ्यावर चढवलेला. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते आणि माझ्या हातून चमचे पडत होते.

रात्री झोप लागेना. उठून पुस्तक काढलं. सूज कशी सुरू होते ह्यावर त्यात वीसेक पानं आहेत. लाली, ऊब, फुगणं, दुखणं, कोणत्या पेशी धावतात, कोण कुणाला बोलावतं, सगळं चित्रांसकट. सूज संपते कशी ह्यावर अर्धं पान. ते अर्धं पान मी तीनदा वाचलं आणि मला राग आला. पुस्तक जुनं होतं, मान्य. पण ज्याने ते लिहिलं त्याचं कधी काही दुखलं नसावं.

मी आत्याबाईंना खरं सांगायचं ठरवलं, दोनदा त्यांच्या पलंगापर्यंत गेले. दोन्ही वेळा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, आजारी माणसाला त्रास देऊ नये.

शनिवारी माजिवड्याच्या संधिवाताच्या डॉक्टरांची वेळ मिळालेली. सुमितने गाडी बोलावली. शिळ रस्त्यावर मेट्रोच्या खांबांच्या कामात पाऊण तास गेला, मुंब्रा बायपासला ट्रकांच्या मागे अर्धा. आत्याबाई मागच्या सीटवर पाय लांब करून, मी कोपऱ्यात अंग चोरून. सुमित पुढे बसून फोनवर वाचत होता आणि मध्येमध्ये वाचलेलं मोठ्याने सांगत होता. ही सूज सांध्यांपुरती राहत नाही, आजी, रक्तवाहिन्यांनाही त्रास देते. लवकर औषध सुरू केलं तर सांधे वाचतात. पहिले काही महिने महत्त्वाचे. मी मनात मार्चपासून मोजत होते. खारेगाव येईपर्यंत चार वेळा मोजलं, दर वेळी पाच महिने आले.

डॉक्टरांचं नाव रोवेना. पन्नाशीच्या, ठाण्याच्याच जुन्या ख्रिस्ती घरातल्या, बोलण्यात गावठाणाचा हेल अजून राहिलेला. त्यांनी रिपोर्ट वाचला, चष्मा वर केला आणि आत्याबाईंना विचारलं, काय काय होतं, सगळं सांगा आजी, घाई नाही.

मला वाटलं, आता ही बाई गुडघे, कंबर, गॅस असं काहीतरी ठोकून देणार.

आत्याबाई सरळ बसल्या. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, म्हणाल्या. सात वाजून जातात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना फरशीवर खडे पसरल्यासारखं होतं, मग भिंत धरून बाथरूमपर्यंत. बांगड्या मनगटावरून उतरत नव्हत्या, साबण लावून काढल्या आणि डब्यात ठेवल्या. भाकरी थापणं बंद केलंय, कुणी विचारलं तर सांगायचं, पोराला चपातीच आवडते. कुकरचं झाकण उघडत नाही, तेव्हा पोराला हाक मारायची आणि म्हणायचं, रबर नवीन आहे. दुपारी जरा बरं वाटतं, तेव्हा हसूबिसू येतं. संध्याकाळी परत चिडचिड.

डॉक्टर लिहून घेत होत्या. सुमित दाराजवळ फाइल घेऊन उभा होता, त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे. मी टेबलाखाली हात घातले.

आत्याबाई थांबायला तयार नव्हत्या. "आणि शीर सापडली नाही की घरी येऊन नळ सोडायचा, आणि आत रडायचं. नळाच्या आवाजात ऐकू येत नाही असं तिला वाटतं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "आजी, तुम्ही कुणाची शीर शोधता?"

"मी कशाला शोधू? ही शोधते." आणि माझ्याकडे न बघता त्यांनी डॉक्टरांना समजावलं, "माझ्या दंडातून हिने एकच नळी काढली, जांभळी. तीस वर्षं नळ्या पोचवल्यात मी. जांभळ्या नळीत साखर कळते. मग बाकीचं रक्त कुठनं आलं?"

डॉक्टरांनी तरीही आधी आत्याबाईंचे हात हातात घेतले. एकेक सांधा दाबला, मूठ वळवून घेतली, बोटं दाबायला लावली. "अगं आई," म्हणाल्या, "तुम्ही तर माझीच बोटं मोडाल." मग टेबलावर तळवा ठेवून माझी वाट बघत राहिल्या. शेवटी मी हात वर काढले.

त्यांनी दाबलं तेव्हा डोळ्यांपुढे पांढरं झालं. हे दुखतं? हे? कधीपासून? गोळ्या किती? मी सगळं खरं सांगितलं. सुमित मध्ये एकच बोलला. "मम्मी, मी आजीला चार दिवस बाथरूमला पण एकटं सोडलं नाही." त्याचा आवाज असा होता, की हसावं की रडावं हे मला ठरवता येईना. आत्याबाई म्हणाल्या, डाळिंबं गोड होती.

मग मी माझा प्रश्न विचारला. तोंडातून निघताना तो फार अडाणी वाटला. म्हटलं, डॉक्टर, बोट कापलं तर सुजतं आणि आठ दिवसांत उतरतं. ते उतरवतं कोण? आणि माझं का उतरवत नाही?

त्या खुर्चीत मागे टेकल्या. बाहेर बारा माणसं बसलेली, तरी टेकल्या. म्हणाल्या, आम्हीही शिकलो तेव्हा असंच शिकलो, की सूज आपोआप विझते, लाकडं संपल्यासारखी. तसं नाही. सूज उतरत नाही, उतरवावी लागते. भांडायला आलेल्या पेशींनी वेळेवर मरायचं, दुसऱ्या पेशींनी येऊन त्यांना उचलायचं, कचरा साफ करायचा आणि पुरे आता असा निरोप सगळीकडे पोचवायचा. तो निरोप देणारी द्रव्यं शरीर स्वतः बनवतं, त्यातली बरीचशी माशाच्या तेलात असते तसल्या चरबीतून. एरवी हे गुपचूप होतं. तुमच्यात मात्र अंगातले राखणदार स्वतःच्याच सांध्याला परका समजून बसलेत. ते रोज नव्याने भांडण काढतात, आणि पुरे म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. ही धग मंद असते, पण वर्षानुवर्षं राहिली की हाड झिजतं, हृदयालाही धोका वाढतो. साखरेच्या, हृदयाच्या पुष्कळ आजारांच्या मुळाशी अशी न संपलेली सूज सापडते.

"म्हणजे बांगडा खायला घालू हिला?" आत्याबाईंनी विचारलं.

डॉक्टर हसल्या. खाऊ दे, चांगलाच आहे. पण नुसत्या बांगड्याने हे भांडण मिटायचं नाही. दुखण्याच्या गोळ्यांचंही त्यांनी सांगितलं. त्या आवाज कमी करतात, काम संपवत नाहीत, आणि मी ज्या हिशेबाने घेत होते त्या हिशेबाने पोट आणि मूत्रपिंड आधी गेलं असतं. त्यांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी लिहिली, एकदाच, रोज नाही, ह्या शब्दांखाली दोन रेघा मारल्या. गुण यायला सहा आठवडे, कधी बारा. बोटं पूर्वीसारखी होतील का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, वेळेत आलात, बघू. वचन दिलं नाही. आणि तपासण्या परत, ह्या वेळी स्वतःच्या नावाने.

सोमवारी सकाळी मी त्र्यंबक सरांसमोर उभी राहिले. आनंदला बसवलं त्या खुर्चीत बसायचं नाही एवढं ठरवून गेलेले, म्हणून उभीच राहिले. सगळं सांगितलं. सर गोड बोलले नाहीत. त्यांनी आत्याबाईंचा रिपोर्ट रद्द केला, चुकांची वही काढली आणि माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, हाताचं आधी सांगितलं असतंस तर मी काहीतरी केलं असतं. नावाचं मी काय करू? उद्या त्या रिपोर्टवर कुणी म्हातारीला औषध सुरू केलं असतं तर?

वहीत लिहिताना अक्षर इतकं वाकडं आलं, की सरांनी मान दुसरीकडे वळवली.

मला काउंटरवर बसवलं. तीन महिने. त्यानंतर बघू, असं सर म्हणाले. माझ्या फेऱ्या प्रीतीला गेल्या. पहिला महिना फार वाईट गेला. गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळायचं, तोंडाला चव नसायची, आणि सकाळी मूठ तशीच. मी दर सकाळी घड्याळ लावून बघायचे. दीड तास. दीड तास. एक तास चाळीस मिनिटं. फोन यायचे, चित्राताईंना पाठवा. मी स्वतःच उचलायचे आणि सांगायचे, चित्राताई रजेवर आहेत. एकाने तर माझ्याच आवाजाला विचारलं, त्या बऱ्या आहेत ना? मी म्हटलं, हो, येतील. मग उगीचच सगळ्या फाइली काढून पुन्हा लावल्या.

खरं तर स्वस्थ बसणं मला येत नाही. अंगात काहीतरी चाललंय आणि आपण त्याला मदत करू शकत नाही, घाई करू शकत नाही, त्याच्यावर ओरडूही शकत नाही, हे मला झेपेना. आत्याबाई म्हणायच्या, बाळंतपणासारखं समज. मी म्हणायचे, बाळंतपणात निदान शेवटी बाळ असतं. त्या म्हणायच्या, तू आधी शेवटापर्यंत जा.

सातव्या आठवड्यात एका सकाळी पावणेसातला मूठ वळली. मी ती उघडली, परत वळवली. दुसऱ्या दिवशी सव्वासात. त्यानंतर पुन्हा सात. असं मागेपुढे होत दहाव्या आठवड्यापर्यंत अर्ध्या तासावर आलं. सुजलेल्या सांध्यांवर सुरकुत्या परत दिसायला लागल्या. चाळिशीनंतर एखाद्या बाईला सुरकुत्या बघून एवढा आनंद झाला नसेल.

गेल्या सोमवारी संध्याकाळी लॅब बंद करायच्या वेळेला सर माझ्या काउंटरशी आले, खुर्ची ओढून बसले आणि शर्टाची बाही वर केली. त्यांचा दंड म्हणजे नुसती चरबी, दिसायला काही नाही. म्हणाले, सुई नको. फक्त बोटाने सांग कुठे आहे.

मी हात धुतले. पट्टा बांधला. डावं पहिलं बोट ठेवलं आणि दाबलं. काही नाही. थोडं खाली. काही नाही. प्रीती झाडू हातात घेऊन थांबली होती, मी तिला म्हटलं, तू तुझं काम कर. मग मधलं बोट ठेवलं. ते आजवर कधी वापरलं नव्हतं. कोपराच्या थोडं आत, खोल कुठेतरी, काहीतरी परत ढकलल्यासारखं झालं. मी सोडलं, परत दाबलं. होतं.

"इथे," मी म्हटलं.

सरांनी स्वतःचं बोट तिथे ठेवून पाहिलं आणि मान हलवली. "उद्यापासून जातेस? नांदिवलीच्या बाई रोज विचारतात."

हो माझ्या तोंडात आलेलं होतं. अकरा आठवडे मी फक्त ह्या एका प्रश्नाची वाट बघत होते. मी उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहिलं. शीर कळली होती, पण सुई धरायची ह्या हाताने, आणि तो अजून घट्ट धरत नव्हता. त्या दिवशी सकाळीच पेनाचं टोपण त्यातून निसटलेलं.

"नाही सर," मी म्हटलं. "बोट आलंय. अंगठा यायचाय."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

सरांनी बाही खाली केली, बटण लावलं. दारापर्यंत जाऊन थांबले आणि म्हणाले, मग पुढच्या सोमवारी परत बघू, तोपर्यंत प्रीतीला बरोबर घेऊन जा, शीर तू शोध, टोचू दे तिला.

प्रीतीने झाडू भिंतीला टेकवला आणि विचारलं, ताई, उद्या किती वाजता?

मी म्हटलं, साडेसहा. त्याआधी माझी बोटं उठत नाहीत.